संशोधन केंद्रात धाकट्यांनाही बोलू द्या

महोदय,

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेली बीडीएन ७११ ही पांढरी तूर मी पेरतो. संशोधनाचे मोल मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहितो.

माझ्या २ एकरांवर एका दुसऱ्या संस्थेचे तुरीचे प्रयोग होते. दर आठवड्याला येणाऱ्या कंत्राटी मुलीला एका वाफ्यात मर रोग, म्हणजे मातीतल्या बुरशीने झाड वाळवणारा रोग, दिसला. खोड चिरून तिने मला आतली काळी रेघ दाखवली. ‘साहेबांना सांग,’ म्हणालो. ‘काका, मागे सांगितलं तर माझ्याच कामात खोट काढली,’ म्हणाली. पुढे शिवारफेरीला पाहुणे आले, तो वाफा वगळून गेले. ११ महिन्यांच्या ऑर्डरवरचे लेकरू किती भांडणार?

तिचे नाव न घेता हे आधी साहेबांच्याच कानावर घातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, याचे समाधान आहे. माझी विनंती एवढीच, की हंगामानंतरच्या बैठकीत आधी कंत्राटी मुलांनी आणि मजुरांनी बोलावे, प्रमुखांनी शेवटी. बिघडलेला वाफाही आम्हाला दाखवावा. मर कुठे लागली हे कळले, तर पुढच्या साली त्या रानात तूर न घेता ज्वारी घेता येईल.

– एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर