पट्ट्याचा आवाज स्प्रेने गप्प करून गाडी विकल्याबद्दल तक्रार

कराड, जि. सातारा
दिनांक : १ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
वापरलेल्या गाड्यांची विक्री शाखा, पुणे

विषय : ८ नोव्हेंबर २०२५ रोजी ताब्यात दिलेल्या गाडीच्या इंजिनच्या पट्ट्याचा आवाज, तपासणी अहवालातली चुकीची नोंद आणि दुरुस्तीचा खर्च.

महोदय,

दिवाळी पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, दहा हजार रुपये भरून मी तुमच्याकडे २०१८ सालची पेट्रोल हॅचबॅक ठरवली. उरलेले ३ लाख ७५ हजार बँकेतून वळते केले आणि ८ नोव्हेंबरला, शनिवारी, मुलाला घेऊन गाडी न्यायला पुण्याला आलो. तुमच्या लोकांनी बॉनेटला हार घातला, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन आमचा फोटो काढला आणि गाडी चालू करून दाखवली. इंजिन एकदम गप्प. त्या गप्पपणाबद्दलच हे पत्र आहे.

मंगळवारी ११ तारखेला सकाळी सहाला आईला डोळे दाखवायला साताऱ्याला निघालो. किल्ली फिरवली आणि इंजिनातून चींऽऽ असा आवाज आला. अर्धा मिनिट टिकला, मग विरला. हेडलाइट लावले, पुन्हा आला. काच पुसायला मागचा डिफॉगर लावला, आणखी वाढला. शेजारच्या गॅलरीत दिवा लागला. आईला वाटलं कुत्र्याचं पिल्लू गाडीखाली आलं. ती खाली उतरून वाकून बघेपर्यंत काही बसायला तयार नव्हती.

इथे माझा धंदा सांगतो, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. मी पिठाची गिरणी चालवतो. वडिलांच्या पाठी सत्तावीस वर्षं झाली. मोटरवरून जात्यावर ताकद नेणारा पट्टा घसरायला लागला की तो कसा ओरडतो, हे मला झोपेतही कळतं. लोड पडला की ओरडणारा पट्टा घसरत असतो. हेडलाइट, डिफॉगर लावले की अल्टरनेटरवर, म्हणजे गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर, लोड येतो, तो फिरायला जड होतो आणि पट्टा त्याच्या पुलीवर घासत राहतो. गाडीत आणि गिरणीत फरक मापाचा, बाकी गोष्ट तीच.

म्हणून त्याच दिवशी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या ताईंनी सांगितलं, थंडीत पेट्रोल गाड्यांना असा आवाज नॉर्मल असतो. मी म्हटलं, ताई, कराडात अजून स्वेटरसुद्धा निघाले नाहीत. त्यांनी तंत्रज्ञाचा फोन येईल म्हणून सांगितलं. तो आला १३ तारखेला संध्याकाळी. आवाज ऐकवण्याआधीच त्यांनी निदान केलं, "टायमिंग बेल्ट असेल काका, तो वॉरंटीत येत नाही." या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा, नाहीच. त्या कामाला साखळी आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय आणि ते मॅन्युअल तुम्हीच डॅशबोर्डच्या खणात ठेवून दिलंय. पुढे माझी तक्रार तुमच्या संगणकावर चढली १४ तारखेला, आणि तिला उत्तर आलं की पाच दिवसांत गाडी परत घेण्याची मुदत संपली आहे. ११ तारखेच्या फोनची नोंद माझ्या मोबाइलमध्ये आहे. तुमच्याकडेही असणार, कारण "हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे" हे वाक्य मी त्या दिवशी तीनदा ऐकलं.

एक आधीच स्पष्ट करतो. गाडी परत घ्या असं मी म्हणत नाही. क्लच चांगला आहे, टायर ठीक आहेत, आईला बसायला उंची बरोबर आहे. माझं भांडण एका पट्ट्यापुरतं आहे, पण ते पट्ट्याच्या किमतीचं नाही.

१६ नोव्हेंबरला, रविवारी गिरणी बंद ठेवून, गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. मी तिथे चार तास उभा होतो. काय काय केलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे "ग्राहकाने बाहेर छेडछाड केली" असं उत्तर देण्याचे तुमचे श्रम वाचतील. सगळ्याचं चित्रीकरण मुलाने केलं आहे.

या गाडीत दोन पट्टे आहेत. एक एसीच्या कॉम्प्रेसरचा, दुसरा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवणारा. स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यामुळे पॉवर स्टिअरिंगचा पंप या भानगडीत नाही. मिस्त्रींनी पहिल्यांदा एसीचा पट्टा काढून इंजिन चालू केलं. आवाज तसाच. म्हणजे एसी निर्दोष सुटला. मग झाडांवर पाणी मारायची साधी बाटली घेऊन त्यांनी चालू इंजिनावर, हात आणि बाह्या लांब ठेवून, दुसऱ्या पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा एक फवारा मारला. ही युक्ती मला नवीन होती. पाणी पडल्यावर आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसतात. पाणी पडताक्षणी आवाज वाढला तर पट्टा ढिला असतो, घसरत असतो. आमचा पट्टा असा किंचाळला की समोरच्या टपरीवरचे लोक उठून बघायला आले.

मग इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, पट्टा हाताळला. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर पाव इंचाऐवजी पाऊण इंच खाली जात होता. ढिला असेल तर ताणायचा, सोपं काम. पण अल्टरनेटर ज्या खाचेत सरकवून पट्टा ताणतात, त्या खाचेत तो आधीच शेवटच्या टोकाला नेऊन आवळलेला होता. आणखी ताणायला जागाच नव्हती. मिस्त्रींनी पट्टा काढून उलटा केला आणि पाठीवरचा आकडा वाचला. अशा पट्ट्यांवर पीके या अक्षरांच्या आधी खाचांची संख्या असते आणि नंतर मिलिमीटरमध्ये लांबी. खाचा पाचच, बरोबर. लांबी मात्र या इंजिनाला सुट्या भागांच्या दुकानातल्या यादीत जी दिलीय, तिच्यापेक्षा १५ मिलिमीटर जास्त. पट्टा जुना नव्हता. चुकीच्या मापाचा होता आणि कुणीतरी अलीकडेच बसवलेला होता.

आता मुख्य गोष्ट. पट्टा हातात घेतला तर बोटं चिकटली.

आमच्या गिरणीत एके काळी कातडी सपाट पट्टे होते. घसरायला लागले की वडील त्यावर राळेची पूड टाकायचे. पट्टा चिकटून धरायचा, संध्याकाळपर्यंत दळण व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राळ. "राळ म्हणजे पट्ट्याची उधारी," असं ते म्हणायचे. मिस्त्री येऊन पट्टा तोडून शिवेपर्यंत ती ढकलायची. पुढे आम्ही व्ही आकाराचे पट्टे बसवले तेव्हा राळेचा डबा वडिलांनी स्वतः फेकला. हे पट्टे पुलीच्या खाचेत पाचरीसारखे रुतून धरतात, त्यांना चिकटपणा लागत नाही. उलट चिकट केले की पीठ, धूळ, सगळं खाचेत साठतं आणि पट्टा लवकर मरतो. गाडीच्या खाचांच्या पट्ट्यालाही तोच न्याय. बाजारात त्यासाठी स्प्रेचा डबा मिळतो, मारला की आवाज बंद. काही दिवसांनी धूळ धरली की आवाज परत. तुमची गाडी शनिवारी गप्प होती आणि मंगळवारी ओरडली. मधल्या काळात ती पुण्याहून कराडला दीडशेच्या वर किलोमीटर आली आणि आमच्या गल्लीतल्या धुळीत तीन रात्री उभी राहिली.

गिरणीवाल्याला राळ लावलेला पट्टा विकलात, महोदय.

पट्टा काढलाच होता म्हणून मिस्त्रींनी तो न घालता काही सेकंद इंजिन चालवून पाहिलं. पाण्याचा पंप फिरत नसल्यामुळे यापेक्षा जास्त वेळ चालवता येत नाही. आवाज पूर्ण बंद, म्हणजे दोष इंजिनाच्या आत नाही. मग हाताने पुल्या फिरवल्या. पाण्याच्या पंपाची पुली लोण्यासारखी फिरली, कुठे गळतीचा डाग नाही, हलकासुद्धा खुळखुळाट नाही. अल्टरनेटरची पुली मात्र भरड ज्वारी दळल्यासारखी खरखरली. बेअरिंग गेलेलं. जड फिरणारा अल्टरनेटर आणि लांब पट्टा, दोन्ही एकत्र आले की घसरणं अटळ. हेडलाइट आणि पंखा लावून बॅटरीवर मीटर धरलं होतं तेव्हा १२.६ व्होल्ट दिसत होते, म्हणजे बॅटरी नीट चार्ज होत नव्हती. दुरुस्तीनंतर त्याच लोडवर १४.१ आले. आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर बॅटरी कुठेतरी रस्त्यात बसली असती. आणि हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो सुटला असता तर इंजिन तापलं असतं, आणि पुण्याहून येताना वाटेत खंबाटकी घाट आहे.

आता तुमचा तपासणी अहवाल. तारीख ३० सप्टेंबर २०२५, किलोमीटर ६१,२१४. "ड्राइव्ह बेल्ट : चांगला, भेगा नाहीत, आवाज नाही." "अल्टरनेटर : चांगला." दोन्हींपुढे हिरवी खूण. भेगा नाहीत हे खरं आहे. पण आजकालचे पट्टे ज्या रबराचे असतात त्याला भेगा सहसा पडतच नाहीत, ते टायरसारखे झिजत जातात. भेगा बघून पट्टा पास करणं म्हणजे मडकं फुटलं नाही म्हणून आतलं पाणी गोड ठरवण्यासारखं. माप बघायला पट्ट्यावरचा आकडा वाचावा लागतो. बेअरिंग बघायला पुली हाताने फिरवावी लागते. दोन मिनिटांचं काम.

बरं, स्प्रे आधीच्या मालकाने मारला असेल, असंही तुम्ही म्हणाल. मीही तसा विचार करून पाहिला. पण गाडी मला मिळाली तेव्हा मीटरवर ६१,२५८ होते. म्हणजे तुमच्या तपासणीनंतर, तुमच्या ताब्यात, ती ४४ किलोमीटर फिरली. मी फेरी मारून बघितली ती जेमतेम तीन किलोमीटरची. बाकीचे किलोमीटर कुठे गेले? केंद्राने २२ डिसेंबर २०२२ ला काढलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याने आपल्या ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची असते. फेरी कशासाठी, चालक कोण, वेळ, किलोमीटर. माझ्या गाडीच्या त्या नोंदी मला हव्या आहेत. गाडी गॅरेजला गेली असेल तर कुठल्या, आणि तिथलं बिल. चुकीच्या मापाचा पट्टा कुणी आणि का बसवला ते त्यातून दिसेल. नसेल गेली, तर तेही दिसेल, आणि मी तसं मान्य करेन. पण मग अहवालातली हिरवी खूण कुणी, काय बघून केली, हे तुम्हाला सांगावं लागेल.

खर्च असा झाला. योग्य मापाचा पट्टा ६२० रुपये, अल्टरनेटरची दोन्ही बेअरिंगं ७४०, अल्टरनेटर उघडून बसवायची ऑटो इलेक्ट्रिशियनची मजुरी ८५०, मिस्त्रींची मजुरी ५००. एकूण २,७१० रुपये. यातले पट्ट्याचे ६२० मी सोडून देतो. तुमच्या वॉरंटीच्या कागदात झिजणारे रबरी भाग धरलेले नाहीत हे मी सही करताना वाचलं होतं. अल्टरनेटर त्या कागदात आहे. राहिलेले २,०९० रुपये मला परत हवेत. रविवारच्या बंद गिरणीचे पैसे मागत नाही. तुमच्याकडून कोणी माणूस पट्टा बघायला येणार असेल तर जुना पट्टा आणि बेअरिंगं मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली आहेत. पिशवी आतून अजून चिकट आहे.

याशिवाय त्या अहवालाची दुरुस्त प्रत हवी. हीच गाडी उद्या मी कुणाला विकली तर तो कागद पुढे जाणार आहे, आणि खोटा कागद पुढे देणारा मी होणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यासाठी पुण्याचे हेलपाटे नकोत, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही. सातारा आम्हाला दोन तासही नाही. आईचे डोळे दाखवायला दर महिन्याला जावंच लागतं.

आपला,
गाडीचा सध्याचा मालक
(सही)

सोबत : ३० सप्टेंबरच्या अहवालाची छायाप्रत, ११ नोव्हेंबरच्या फोनच्या नोंदीचं चित्र, दुरुस्तीची दोन बिलं, १६ नोव्हेंबरच्या चित्रीकरणाचा पेनड्राइव्ह.