रॅपची चर्चा अमेरिकेपुरतीच का?

महोदय,
हिप-हॉपवर, म्हणजे रॅप ज्यात मोडतं त्या संगीतावर, आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा गाडी न्यूयॉर्कहून सुटते आणि फार तर लॉस एंजेलिसला थांबते. ब्राझीलचं नावही निघत नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेली सर्वाधिक माणसं तिथेच उतरवली गेली, गुलामी कायद्याने संपली ती थेट १८८८ मध्ये. त्यानंतर शंभर वर्षांनी साओ पाउलोत चार कृष्णवर्णीय तरुणांनी ‘रासिओनाइस एमसीज’ हा रॅप गट काढला.

‘आमच्याकडे वर्णभेद नाहीच, सगळे मिसळून गेलेत’ असं सांगायची त्या देशाला जुनी खोड. (ओळखीचं वाटतं ना?) या गटाच्या १९९७ च्या अल्बममधलं एक गाणं त्यावर चक्क आकडेवारीनेच सुरू होतं: पोलिसांनी मारलेल्या दर चौघांत तिघे कृष्णवर्णीय, विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थी अवघे दोन टक्के. मग गटातल्या मानो ब्राउनचा जड, न आर्जवणारा आवाज. सहानुभूती मागणं नाही की रंगाबद्दल ओशाळणं नाही. पुढे ब्राझीलमधल्याच कॅम्पिनास विद्यापीठाने २०२० च्या प्रवेश परीक्षेसाठी नेमलेल्या साहित्यकृतींत हाच अल्बम घेतला!

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर्स’ संघटनेवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, त्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. तुमच्या रविवार पुरवणीत पोर्तुगीज जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाकडून या गाण्यांवर सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती. रॅपला सरसकट धांगडधिंगा म्हणणारे माझ्या घरातही आहेत. त्यांना वाचायला देता येईल.

– एक वाचक, नाशिक