शनिवारच्या वाचनवर्गाबद्दल सूचना
ताई-दादांनो, येत्या शनिवारपासून तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेनुसार करायचे नाहीत. 'प्रथम' संस्थेच्या पद्धतीप्रमाणे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांनुसार बसवा. पाचवीतलं मूल अक्षरगटात आलं तर कुणी चिडवणार नाही, एवढं बघा.

'र'च्या जोडाक्षरांपाशी मुलं हमखास अडतात. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'तऱ्हा' फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि र कुठे बसलाय ते त्यांनाच शोधू द्या. मूल अडखळलं की लगेच शब्द पुरवू नका. (हे आपल्यालाच जास्त जड जातं!)

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. भाषणं नकोत, प्रत्येकाच्या हातात पुस्तक हवं. घरची जुनी गोष्टींची पुस्तकं शुक्रवारपर्यंत आणून द्या, फाटकी असली तरी चालतील.