मिस्त्रीला गेटवरून परत पाठवू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
विश्रामबाग, सांगली.

विषय : दुरुस्तीच्या कारागिरांना प्रवेश देण्याबाबतची नोटीस, आणि त्याला लागूनच आलेल्या काही गोष्टी.

महोदय,
स.न.वि.वि.

लिफ्टशेजारी लावलेली नोटीस वाचली. बाहेरच्या कारागिराला सकाळी दहा ते साडेबारा एवढ्याच वेळात आत सोडायचं, तेही मालकाने आदल्या दिवशी मोबाइलच्या ॲपवर नोंद केली असेल तरच. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट असलं अवजड सामान लिफ्टने न्यायचं नाही. मागे पार्किंगमधून सायकली गेल्या, त्यानंतर कमिटीला काहीतरी करणं भागच होतं, हे मान्य. पण डिलिव्हरीच्या पोरांना मात्र दिवसभर मुभा आहे. म्हणजे नवा मिक्सर रात्री आठला दारात येऊ शकतो, आणि जुना मिक्सर बघायला आलेला मिस्त्री दुपारी चारला गेटवरून परत जातो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नेमकं हेच झालं. वॉचमनचा दोष नाही, त्याने नोटीस दाखवली.

मिस्त्री लोकांचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो. सकाळी ते दुकानात असतात. लोक वस्तू टाकून जातात, त्या उघडून बघायच्या, पार्ट आणायचे. घरोघरचे कॉल ते दुपारनंतरच करतात. हरभट रोडकडून विश्रामबागपर्यंत यायचं तर या बाजूची दोन-तीन कामं जमवूनच माणूस निघतो. त्याला आदल्या दिवशी वेळ विचारली तर तो हसतो. आणि ॲपचं म्हणाल, तर आमच्या हिच्या फोनमध्ये ते नाही, माझ्या फोनमध्ये आहे पण ओटीपी येईपर्यंत स्क्रीन बंद होते. वॉचमनने इंटरकॉमवरून विचारायचं, आम्ही हो म्हणायचं, रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहून घ्यायचं, हवं तर ओळखपत्राचा फोटो काढायचा. पूर्वी हेच होतं. निदान ज्येष्ठ सभासदांसाठी ते चालू ठेवा.

मागच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक सदस्य हसत म्हणाले, "काका, कशाला दुरुस्त करत बसता, नवीनच घ्या की." राग आला नाही, वय त्यांचं तसं आहे. पण त्याचं उत्तर सभेत द्यायचं राहिलं, ते इथे देतो.

आम्हाला दुरुस्तीचा हट्ट नाही. उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. कुठला पार्ट बदलायचा आणि कुठली गाडी भंगारात काढायची, एवढं कळतं. गॅसची नळी पाच वर्षं झाली की दिसायला धडधाकट असली तरी बदलतो. गीझरची टाकी आतून गंजून झिरपायला लागली, तेव्हा एलिमेंट बदलून बघू असा विचारही केला नाही, सरळ नवा घेतला. बेडरूमचा पंखा चोवीस तासांतले पंधरा तास चालतो, म्हणून तिथे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा लावला. साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, हा तीस-पस्तीसमध्ये भागवतो. हॉलमधला पंखा मात्र जुनाच आहे. तो पाचवर ठेवला तरी रेंगाळत फिरायचा, लोकांनी सांगितलं की मोटार गेली. मिस्त्रीने वरची वाटी खाली सरकवली, अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून दुसरा जोडला, दोन वायरींना टेप गुंडाळला आणि पंखा पूर्वीसारखा फिरायला लागला. चहा गाळून होईपर्यंत काम संपलेलं. पार्टची किंमत शंभराच्या आतली. एवढ्यासाठी अख्खा पंखा उतरवून फेकायचा?

पैशाचा हिशेब आहेच, पेन्शनीत तो करावाच लागतो. पण आमच्या वयात दुसराही हिशेब असतो. नवी वस्तू घरी आली की ती शिकावी लागते. आमच्या वॉशिंग मशीनला फिरवायचं बटण आहे, ते टक् टक् करत जागेवर बसतं, हिला न बघताही कळतं की किती घर पुढे गेलं. हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दुकानात दाखवलेल्या मशीनवर काळी गुळगुळीत काच आणि त्यात पुसट अक्षरं. तिने दोनदा बोट लावलं, काहीच झालं नाही, तिसऱ्यांदा भलतंच सुरू झालं. विक्रेता म्हणाला, सवय होईल. होईलही. पण पाणी सोडायचा पंप बदलून जुनं मशीन नीट चालत असेल, तर ही सवय लावून घ्यायची घाई कशाला? मुलगा पुण्याहून ऑर्डर टाकायला एका पायावर तयार असतो. वापरायचं मात्र आम्हालाच असतं.

शिवाय २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्ही सांगलीच्या जुन्या गावभागात होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. ओसरल्यावर गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, सोफे, टीव्ही, फ्रिज यांचे ढीग लागले होते. आमचा फ्रिज त्यातच गेला. आतल्या फोममध्ये पुराचं पाणी शिरलं की तो वास जात नाही. हिचं पायाचं शिलाई मशीन मात्र धुतलं, रॉकेलने साफ केलं, तेल घातलं, पट्टा नवा टाकला. त्यावर अजून पडदे शिवले जातात. तेव्हा काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे आम्हाला कुणी शिकवायला नको, एवढंच म्हणणं आहे.

आता सोसायटीच्या अखत्यारीतली गोष्ट. बी विंगमध्ये महिन्याभरात तीन घरांतली यंत्रं जळली: कुणाचा फ्रिजचा बोर्ड, कुणाचा सेट-टॉप बॉक्स, आमच्या मायक्रोवेव्हचा डिस्प्ले. प्रत्येकाने आपापल्या कंपनीला शिव्या दिल्या. माझा संशय खालच्या मीटर पॅनेलवर आहे. थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल, म्हणजे सगळ्या घरांची सामाईक परतीची तार, ढिला झाला की एका घराचा व्होल्टेज खाली बसतो आणि दुसऱ्याचा तीनशेच्याही वर चढतो. दिवे मध्येच झगमगतात ती त्याची खूण असू शकते. जिन्यातला दिवा संध्याकाळी कसा उजळतो-मिणमिणतो ते बघा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्यांची देखभाल सोसायटीकडे येते. परवानाधारक वायरमन बोलावून पॅनेलचे सगळे जोड घट्ट करून घ्या. महावितरणच्या बाजूचा दोष निघाला तर त्यांना लेखी कळवा. नाहीतर आम्ही दुरुस्त करत राहू आणि पॅनेल जाळत राहील.

दुसरी मागणी शिडीची. आपल्या सोसायटीत सत्तरी ओलांडलेली बरीच जोडपी एकटी राहतात, आणि ट्यूब बदलायला ती स्टुलावर चढतात. स्टुलावर पाट ठेवून चढणारेही मी पाहिलेत. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर मिरजेच्या दवाखान्यात किती दिवस आणि किती लाख, ते वेगळं सांगायला नको. सोसायटीने ॲल्युमिनियमची एक चांगली घोडाशिडी घ्यावी, वॉचमनच्या खोलीत ठेवावी, आणि प्लंबिंग-वायरिंगसाठी आपल्याकडे येणारा माणूस महिन्यातून एक दिवस ज्येष्ठांच्या घरी ट्यूब, पंखे, नळाचे वॉशर एवढं बघून जाईल अशी व्यवस्था करावी. त्याची मजुरी आम्ही देऊ. शिडी तेवढी सोसायटीची.

लिफ्टबद्दल एवढंच, की फ्रिज तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायचा तर चार हमाल लागतात, वळणावर तो आडवा करावा लागतो, आणि भिंतीचा रंग जातो तो वेगळाच. लिफ्टच्या पाटीवर वजनाची मर्यादा लिहिली आहे, एक फ्रिज आणि एक माणूस त्यात आरामात बसतात. आतून गोधडी लावा, दुपारच्या वेळी परवानगी द्या.

आणि जे खरंच टाकायचंय त्याचं काय? सध्या भंगारवाला गेटबाहेर फ्रिजची तांब्याची नळी तोडतो, गॅस फुस्स करून हवेत, आणि उरलेला सांगाडा दोन दिवस कंपाउंडला टेकून. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या यंत्रांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याला वर्षातून दोनदा बोलावून सगळ्या विंगचा माल एकदम देता येईल. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वेगळ्या काढाव्या लागतील, त्यांचे नियम वेगळे आहेत, आणि जबाबदारी बॅटरीच्या उत्पादकावर आहे.

हे सगळं एका सभेत होणार नाही, कळतं. पॅनेलची तपासणी आणि मिस्त्रीची वेळ या दोन गोष्टी मात्र सभेची वाट न बघता कराव्यात. आमचा मिक्सर अजून तसाच पडलाय आणि ही वाटण खलबत्त्यात करते आहे. कमिटीचं काय ठरतं ते लेखी कळवावं. ग्रुपवर टाकलेलं आम्हाला सणाच्या शुभेच्छांच्या गर्दीत सापडत नाही.

कळावे,

आपला,
बी विंग, तिसरा मजला येथील एक ज्येष्ठ सभासद
(सौ.ची या पत्राला संमती आहे. शिडीची मागणी मूळ तिचीच.)