मोफत, पण कुणासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनिअरिंगचं नवं वर्ष सुरू झालं की कर्वेनगरात माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी विचारतात, "सर, कुठलं सॉफ्टवेअर टाकू? फुकटातलं सांगा." लातूर-बीडकडून आलेल्या, भावाचा जुना लॅपटॉप वापरणाऱ्या मुलाने हे विचारणं रास्तच आहे. पण उत्तर देणारे फक्त सोयीसुविधांची तुलना करतात. ते सॉफ्टवेअर कुणाला आणि कोणत्या कामासाठी मोफत आहे, हे सांगायचं राहून जातं.

माझा एक विद्यार्थी एका कंपनीत इंटर्नशिपला होता. कॉलेजच्या ईमेलवर मिळालेला विद्यार्थी-परवाना त्याने कंपनीच्या कामाला वापरला. तो परवाना शिकण्यापुरताच होता. पोराने सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्याला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरचंच घ्या. त्याच्या जुन्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत एक्स्टेन्शन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड, टाकता येत नसत. २०१४ साली आलेल्या मोफत कम्युनिटी आवृत्तीत ते टाकता येतात. एकट्या प्रोग्रॅमरने कम्युनिटी वापरून पैसे कमावले तरी चालतं. छोट्या कंपनीत पाच जणांपर्यंत ती वापरता येते. मात्र कंपनीकडे २५० हून जास्त संगणक असले किंवा तिचं वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरच्या वर गेलं, की शिक्षण, संशोधन आणि ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) सोडून बाकी कामाला ती चालत नाही. कोथरूडच्या दोन खोल्यांच्या ऑफिसातली सवय हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत अंगाशी येते ती अशी.

वेबस्टॉर्म आणि रायडर ही प्रोग्रॅम लिहायची सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२४ पासून मोफत झाली, तीही बिगरव्यावसायिक वापरापुरते. माहिती साठवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मोफत डेव्हलपर आवृत्तीत सगळं काही आहे, पण लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानाचं रोजचं बिलिंग तिच्यावर चालवता येणार नाही. त्यासाठी एसक्यूएल सर्व्हरचीच मोफत एक्स्प्रेस आवृत्ती आहे. तिच्या २०२२ च्या रूपात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे.

एक्लिप्स, नेटबीन्स, कोडब्लॉक्स या प्रोग्रॅम लिहायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या वापराला अशी अट नाही. घर, कॉलेज, कंपनी, कुठेही चालतात. कमी रॅमच्या लॅपटॉपवर सी आणि सी++ साठी मी कोडब्लॉक्सच टाकून देतो. टर्बो सी++ हे जुनं सॉफ्टवेअर मात्र केवळ फुकट आणि सरावाचं आहे म्हणून शिकवू नये. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चं, आणि टर्बो त्याच्या आधीचं. त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर (प्रोग्रॅमचं संगणकाच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पहिल्याच ओळीत अडकतो आणि मुलं आपलंच चुकलं म्हणून घाबरतात.

पुण्यातल्या कॉलेजांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला परवान्यांसाठी अर्धा तास द्यावा, ही विनंती. माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत एक पानी तक्ता केला आहे. कुठल्याही लॅबच्या भिंतीवर तो लावायचा असेल, तर मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक शिक्षक, कर्वेनगर, पुणे