डब्यावर नुसते ‘५जी’ छापून ग्राहकाला काय कळणार?

महोदय,

कराडमध्ये माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. फुटलेली स्क्रीन, फुगलेली बॅटरी, सैल झालेला चार्जिंगचा जॅक ही आमची रोजची कामे. अलीकडे मात्र धडधाकट, नवे कोरे फोनही दुरुस्तीला येऊ लागले आहेत. तक्रार एकच : ‘फोन ५जी आहे, पण ५जी येत नाही.’

गेल्या महिन्यात ओगलेवाडीकडच्या एक ताई आल्या. मुलीच्या अकरावीच्या अभ्यासासाठी त्यांनी हप्त्यावर फोन घेतला होता, दहा हजारांच्या आतला. डब्यावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत ५जी. सेटिंग बरोबर, प्लॅन बरोबर, सॉफ्टवेअर ताजे. शेवटी त्यांचे सिम काढून त्यांच्या भावाच्या वापरलेल्या फोनमध्ये घातले, तर काउंटरवरच ५जी आले. परत नव्या फोनमध्ये घातले, की ४जी. फोनमध्ये काडीचा बिघाड नव्हता. तो फक्त ‘स्टँडअलोन’, म्हणजे स्वतंत्र यंत्रणेवरचे ५जी चालवणारा होता आणि त्यांच्या सिमचे इथले ५जी ‘नॉन-स्टँडअलोन’, म्हणजे ४जीच्या आधारावर चालणारे. विकणाऱ्यानेही हे सांगितले नव्हते. त्याला तरी कुठून कळणार? डब्यावर त्याचा उल्लेखच नव्हता.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले, तेव्हा जिओने ५जीची स्टँडअलोन यंत्रणा उभारली. एअरटेलने नॉन-स्टँडअलोन पद्धतीने सुरुवात केली. दोन्ही पद्धती जगभर मान्य आहेत, त्यात कोणाची लबाडी नाही. त्या वेळी बरेच महागडे फोनही अडले होते, पण ते सॉफ्टवेअर अपडेटने सुटले. आयफोनवर डिसेंबर २०२२ मध्ये ५जी आले. २०२४च्या अखेरीपासून मात्र चिपच फक्त स्टँडअलोनची असलेले स्वस्त फोन बाजारात आले. तिथे अपडेटची वाट बघण्यात अर्थ नाही. म्हणजे ज्याला दुसरा फोन घेणे परवडत नाही, नेमका तोच यात अडकतो.

वरच्या कोपऱ्यातले ‘५जी’ हे चिन्हही पुरते भरवशाचे नाही. नॉन-स्टँडअलोनमध्ये फोन आधी ४जीच्या टॉवरला जोडला जातो. त्या टॉवरने ‘इथे ५जीची सोय आहे’ असा इशारा दिला, की अनेक फोनवर चिन्ह उमटते. डेटा प्रत्यक्षात ४जीवरूनच येत असू शकतो. अमेरिकेत तर २०१९ साली एका बड्या कंपनीने ४जीच्याच फोनवर ‘५जी ई’ झळकवले होते. तिथल्या जाहिरात उद्योगाच्या मंडळाने २०२० मध्ये हे नाव जाहिरातींतून काढण्याची शिफारस केली आणि कंपनीने ती मानली.

आपल्याकडे जाहिरातीत ‘१२ बँड’ (बँड म्हणजे सिग्नलच्या लहरींचे पट्टे) असेही मिरवतात. त्यातले आपल्या कंपन्या किती वापरतात, हे कोण सांगतो? ७०० मेगाहर्ट्‌झचा बँड लांबवर आणि भिंतींच्या आत पोहोचतो, ३३०० मेगाहर्ट्‌झचा वेग देतो पण लवकर विरतो. गिऱ्हाइकाच्या कामाची माहिती ही आहे, बारा हा आकडा नव्हे.

फ्रिज घेताना वीजबचतीचे तारे दारावरच दिसतात. फोनच्या डब्यावरही दर्शनी बाजूला, मराठीत, तीन गोष्टी छापायला लावा : स्टँडअलोन की नॉन-स्टँडअलोन की दोन्ही, भारतात वापरात असलेले कोणते बँड चालतात आणि कोणत्या कंपन्यांच्या सिमवर ५जी मिळेल. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४च्या नियमांत दूरसंचार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले, हे चांगलेच झाले. पण गावात ५जी आहे असे नकाशात दिसूनही हातातला फोन ते पकडणार नसेल, तर काय उपयोग? दूरसंचार विभाग आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यात लक्ष घालावे. माहिती लपवून विकलेला फोन, डबा उघडला असला तरी, दुकानदाराने परत घ्यावा. तोवर विक्रेत्यांना माझी विनंती आहे : हप्त्याच्या कागदावर सही घेण्याआधी गिऱ्हाइकाचे सिम डेमो फोनमध्ये घालून दाखवा.

– एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, कराड (जि. सातारा)