अण्णांच्या गाण्याला लागलेले अनोळखी हात

अण्णांनी हयातभर केळीच्या रोगांवर संशोधन केलं आणि संध्याकाळी व्हर्दी, पुच्चिनी या इटालियन संगीतकारांचे ऑपेरा, म्हणजे गाण्यातून रंगणारी नाटकं, ऐकले. त्यांच्या स्मरणार्थ जळगावात ऑपेरा ठेवला, तेव्हा ऐकायला कोण येणार, हीच धास्ती होती. सभागृह भरलं!

भुसावळ स्टेशनच्या पुलावरून जड कीबोर्ड डोक्यावर आणून देणारे दादा, तुम्ही नावही न सांगता निघून गेलात. पुच्चिनीच्या १९०० सालच्या 'तोस्का' या ऑपेरातलं गाणं रंगात आलं आणि लाईट गेली. ऑपेराचा गळा माईकवाचूनच घडवलेला, त्यामुळे गाणाऱ्या बाईंचा सूर तुटला नाही. कीबोर्ड मात्र मुका झाला. शेजारून इन्व्हर्टर उचलून आणणारी मुलं, तोवर वहीवर मोबाईलचा उजेड धरून उभ्या राहिलेल्या मावशी, रात्री पाहुण्यांना भरीत-पुरी वाढणाऱ्या काकू, तुमचे मनापासून आभार. घरी आल्यावर आईने कित्येक महिन्यांनी अण्णांची कॅसेट लावली.